नऊ फ्लॅग

नवरा गेल्यानंतर सतराव्या दिवशी मंदा झोपे कॉलेजात हजर झाली. जीवराम भुसावळहून ड्यूटी संपवून स्कूटरवर येत होता आणि नशिराबादच्या अलीकडे ट्रकने त्याला उडवलं. सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट होता. मंदा एकतीस वर्षांची होती, जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि लॅब सांभाळायची.

विभागप्रमुख तिच्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसतं बसा. लेक्चर वाघ सर घेतील."

ती बसली. सहा नंबरच्या मशीनवर तिनेच उन्हाळ्यात, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. लिनक्सचा सगळा कोड कुणालाही वाचता येत असे, त्यात सुधारणा करून तो सांभाळणाऱ्यांकडे पाठवताही येत असे. तिने सिरियल पोर्टची, म्हणजे टर्मिनल जिथे जोडतात त्या जागेची, फाइल उघडली. वरच फ्लॅगांची यादी होती. फ्लॅग म्हणजे खूण. ती लावलेली असली तर यंत्राने एक करायचं, नसली तर दुसरं. त्यातलं एक नाव पुढे कुठेच दिसेना. तिने कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सगळ्या फाइलींत ते शोधायला लावलं. एकच ओळ आली, जिथे ते नाव ठेवलं होतं तीच. कुणीतरी कधी ते ठरवलं असेल आणि मग काम राहून गेलं असेल.

तिने ती ओळ काढली आणि कर्नल पुन्हा कंपाइल करायला, म्हणजे यंत्राला समजेल अशा रूपात आणायला, लावला. त्या मशीनला दीड तास लागायचा. पडद्यावर फाइलींची नावं वर सरकत राहिली, ती बघत राहिली. बरं वाटलं असं नाही. दीड तास कुणाशी बोलावं लागलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने पुढची फाइल घेतली. एका वहीत ती फ्लॅगचं नाव लिहायची, शोधायची, काढायची, कंपाइल करायची, मशीन सुरू होतं का बघायची. दसऱ्यापर्यंत नऊ निघाले.

घरी, जळगावातल्याच मेहरूणला, सासू बेबाबाई आणि ती अशा दोघीच. भेटायला येणाऱ्या बाया कमी झाल्या होत्या. एके सकाळी गवारीच्या शेंगा मोडता मोडता बेबाबाईने विचारलं, "तू रडत काहून नाई व?"

"येत नाही, आई."

बेबाबाईने मोडलेल्या शेंगा ताटात सारल्या. "मले बी येत नाई," ती म्हणाली.

त्या रविवारी मंदाचा भाऊ निंबा धुळ्याहून आला. चहा होईपर्यंत त्याने वाट पाहिली.

"मंदे, दिवाळीआधी धुळ्याला चल. तिथे पॉलिटेक्निकला जागा आहे, मी बोलून ठेवलंय."

"अजून पाठवायचंय, दादा."

"काय पाठवायचंय?"

"फ्लॅग काढलेत ते."

निंबाने बेबाबाईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "घेऊन जा तिले. मी पाचोऱ्याले पोरीकडे राहीन."

मंदा उठली. कप उचलून आत घेऊन गेली. निंबा आठ दिवसांनी पुन्हा येतो म्हणून गेला.

सोमवारी तिने एसटीडीने पुण्याच्या इंटरनेट सर्व्हरला फोन जोडून कॉलेजच्या ईमेल खात्यावरून ते सगळे बदल पाठवून दिले. तो कोड सांभाळणारा माणूस कुठल्या तरी परदेशात होता. त्याला तिने दोन ओळी लिहिल्या: हे नऊ फ्लॅग कुठेच वापरलेले नाहीत, मी तपासलं आहे.

बुधवारी वाघ सर लॅबमध्ये आले. "मॅडम, टर्मिनलचा वेग ठरवायचा तो छोटा प्रोग्राम तुमच्या मशीनवर कंपाइल होत नाही."

तिने बघितलं. नववा फ्लॅग. कर्नलमध्ये तो कुणीच वापरत नव्हतं, पण बाहेरचा हा प्रोग्राम तिथूनच त्याचं नाव उचलत होता. तिने शोध घेतला होता तो फक्त कर्नलच्या आत.

तिच्या कानशिलांना गरम वाटलं. दोन महिन्यांत अंगाला काही जाणवलं ते हे पहिलं. "माझी चूक आहे," ती म्हणाली. वाघ सर "राहू द्या हो" म्हणत होते, तेवढ्यात तिने ती ओळ परत घातली आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं: नववा राहू द्या, मी नीट पाहिलं नव्हतं.

शनिवारी उत्तर आलं. तो नववा बाहेर वापरला जातो हे आपल्याला ठाऊक होतं, आपण तो घेतलाच नसता, असं त्याने लिहिलं होतं. आठ घेतले. आणखी सापडले तर पाठवावेत. तिच्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, म्हणून त्याने बाकी काही विचारलं नव्हतं.

तिने ते एकदाच वाचलं आणि विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

"सर, माझं लेक्चर मला परत द्या."

"जमेल?"

"माहीत नाही. पण द्या."

संध्याकाळी भाकरी थापताना तिने बेबाबाईला सांगितलं, "मी धुळ्याला जात नाही. दादाला तसं सांगते. तुम्हाला पाचोऱ्याला जायचं असेल तर मी सोडून येते."

"तू एकटी राहशील?"

"राहीन."

बेबाबाईने पातेल्यावरचं झाकण उचलून आमटी पाहिली, पुन्हा ठेवलं. "दिवाळी झाल्यावर पाहू," ती म्हणाली.

रविवारी निंबा पुन्हा आला आणि रागावला. बहिणीला समजावून थकला आणि शेवटी संध्याकाळच्या बसने परत गेला.

मंगळवारी मंदाने पहिला तास घेतला. मागच्या बाकावरची मुलं आपसात बोलत होती. मध्येच एक व्याख्या तिला आठवेना. तिने पुस्तक उघडून ती वाचून दाखवली आणि पुढे शिकवायला लागली.

दिवाळी झाल्यावर बेबाबाई पाचोऱ्याला गेली, महिनाभर राहणार म्हणून. पाचव्या दिवशी दुपारी रिक्षातून उतरली. "पोरीकडे फार गलबला शे," ती म्हणाली आणि पिशवीतली वांगी काढून मंदाच्या पुढ्यात ठेवली.