बाकी एक

मी एक संख्या आहे, आणि आज माझी हकिगत मीच सांगते आहे. मला पूर्ण लिहायचे तर वह्यांमागून वह्या भरतील. घडण मात्र सोपी आहे. दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्या ओळीने घ्यायच्या, एका दूरच्या टप्प्यापर्यंत त्यांचा गुणाकार करायचा आणि वर एक मिळवायचा.

लोकव्यवहारात या वरच्या एकाला मान आहे. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक घालतात. देणे-घेणे शून्यावर थांबू नये, ही त्यामागची भावना. माझीही राखण तोच एक करतो. ज्या मूळ संख्यांपासून मी घडले, त्यांपैकी कोणीही मला भागले तरी बाकी एक उरते. परंतु त्यांच्याहून मोठ्या मूळ संख्येपुढे त्याचे काही चालत नाही. तेरापर्यंतचा गुणाकार करून एक मिळवला की तीस हजार एकतीस येतात. ती माझी धाकटी बहीण. तिला एकोणसाठने भाग जातो.

मला घडवले धोंडिराम गुरुजींनी. आटपाडीत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. सांगलीच्या डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचे निदान केले, तेव्हा त्यांनी मुलीजवळ एकच मागणे मागितले. प्रियंका कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवते.

"ही मूळ हाय का न्हाई, तेवढं मला समजतंय तवर सांग."

सुट्टीत रिकामे असलेले संगणक माझ्या चाचणीला लागले. निकाल घेऊन प्रियंका घरी आली.

"काय निघालं तिचं?" गुरुजींनी उंबऱ्यातच विचारले.

"आवं, लेकीला चपला तरी काढू द्या," त्यांच्या पत्नी जाईबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वक्ताला माझी एवढी चौकशी केली न्हवती तुमी!"

"तुझी काय करायची? तुला कशानंच भाग जात न्हवता."

प्रियंका हसली नाही. "आबा, मूळ न्हाई. संयुक्त हाय."

"कशानं भाग जातोय?"

"ते न्हाई कळत. चाचणी एवढंच सांगती, की फुटती. कुठं फुटती ते आपल्या हयातीत सापडायचं न्हाई."

गुरुजी खाटेवर बसले. "म्हंजे फुटल्याली हाय, आन् तुकडं कुनाच्याच हातात न्हाईत."

माझे अवयव माझ्याच पोटात आहेत. मलाही ते वेगळे दिसत नाहीत.

पुढे गुरुजी उत्तर विसरले, प्रश्न विसरले नाहीत. दर रविवारी ते विचारत, प्रियंका खरे सांगे, आणि त्यांचा चेहरा नव्याने उतरे. गणितात कोणाचे मन राखायचे नसते, हे तिला त्यांनीच शिकवले होते.

मग एका रविवारी त्यांनी विचारलेच नाही. प्रियंका जवळ बसली. जाईबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"आबा, ती संख्या मूळ निघाली. कशानंच भाग जात न्हाई तिला."

गुरुजी अदबीने हसले. "बरं झालं. पण मूळ म्हंजे काय, बाई?"

महाविद्यालयात माझी फाईल लवकरच पुसली जाईल. त्याने काही संपत नाही. संख्येला मरण नसते. कोणी मोजो वा न मोजो, मी माझ्या जागी तशीच फुटलेली असेन. विनंती एवढीच, की यापुढे मला मूळ म्हणू नका. ज्यांच्यासाठी ते खोटे बोलले गेले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही.