अकराने भाग जाणारा क्रमांक

"माझ्या मानेतला तुकडा तपासलात म्हणे. काढलात कधी?"

पंपमेकॅनिकने खिडकीतून पत्र आत सरकवलं. अशी तीन पत्रं त्याला गेली होती. पहिली दोन त्याने केरात टाकली, तिसऱ्या वेळी बायकोने ढकलून पाठवलं. गाठ वाईट आहे, ताबडतोब या, असं पत्रात होतं. माणूस मात्र ठणठणीत. गेल्या वर्षी पायाला टाके घालायला आला होता, तेवढीच त्याची आमच्या हॉस्पिटलशी ओळख.

खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला आम्ही अकरावाले काका म्हणायचो. आमच्याकडे प्रत्येक पेशंटचा क्रमांक आठ आकडी आणि असा बेतलेला, की त्याला अकराने भाग गेलाच पाहिजे. एक आड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या. फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला की क्रमांक खरा. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की लगेच सापडतं. काका हे चहा पिता पिता तोंडी करायचे, तीस वर्षं. माझ्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणून मला त्यांचा रागच यायचा.

"सात, आठ, चार, दोन... एकवीस. शून्य, एक, पाच, चार... दहा. फरक अकरा. क्रमांक बरोबर आहे," काका म्हणाले.

"क्रमांक असेल हो बरोबर, पण मान माझी आहे ना?"

तपासायच्या तुकड्यासोबत आलेली डॉक्टरांची मूळ चिठ्ठी मी शोधून आणली. तिच्यावर ७०४१८५२४ होतं. तिच्यावरून उतरवून घेतलेल्या काकांच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात, ७०८१४५२४. चार आणि आठ एकमेकांच्या जागी गेले होते, मधला एक तसाच. दोघेही एकाच बेरजेतले, त्यामुळे बेरीज जराही हलली नव्हती.

"हे पकडता येत नाही," काका हळूच म्हणाले. "पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे मला. म्हटलं, अशी चूक करणार कोण?"

चिठ्ठीवरच्या क्रमांकाची फाइल एका शिवणकाम करणाऱ्या बाईची निघाली. आत रिपोर्ट नव्हता. काकांचा चेहरा उतरला.

"ही आली होती गं विचारायला. दोनदा. मी म्हटलं, काही आलं नाही म्हणजे काही नाही, निर्धास्त जा."

त्याला चार महिने झाले होते. मला भीती वाटली, आणि काकांकडे बघवेना.

काकांनी स्पीकरवर फोन लावला. तो बाईनेच उचलला. आवाज पार बसलेला.

"बरी आहे हो. गिळताना जरा अडकतं, एवढंच. तुम्हीच म्हणालात ना काही नाही, मग मी मनावर घेतलं नाही."

"आज या, बाई. आत्ता निघा."

"आज कुठलं जमतंय? शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत. सोमवारी येते."

"आजच या. चूक माझी झाली."

"म्हणजे... आहे का काही?"

काकांनी डोळे मिटले. "आहे," ते म्हणाले.

बाई म्हणाली, "अठरा शिवून झालेत. बाकीचे नुसते कापून ठेवलेत. कुणाकडे देऊ? आहे का कुणी तुमच्या ओळखीचं?"

काकांच्या ओळखीचं असं कुणीच नव्हतं.

"घेऊन या," ते म्हणाले. "मी बघतो."