भात्याचा दांडा

भाता मारता मारता भगवंतरावांच्या पोटरीत असा गोळा आला की दांडा हातातून सुटला. झाली पंचाईत! भर गीतात ऑर्गनची हवा गेली म्हणजे सगळ्या मंडळीसमोर शोभा. आणि शोभा कोणाची, तर पुढे बसून वाजवणाऱ्या जयमालाची, त्यांच्याच बायकोची. त्यांनी पोटरी आवळून धरली आणि डोळे मिटले.

गीत चालूच राहिलं, ऑर्गनचा सूरही.

बॅप्टिस्ट चर्चमधल्या त्या बुटक्या ऑर्गनच्या मागे, नळ्यांच्या पाठीशी, ते लग्नापासून दर रविवारी बसत आले होते. जयमालानं दोनदा पाय आपटला की इकडे दांडा सुरू; यांची हवा, तिची बोटं. वडनेरपासून पिंपळगाव राजापर्यंतचे ख्रिस्ती लोक म्हणायचे, तो ऑर्गन नवराबायको मिळून वाजवतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते अकोल्याला लेकीकडे राहून आले, तेव्हापासून मात्र दांडा हलका लागत होता, आवाजही निराळा.

"नळ्या साफ केल्या न," जयमाला म्हणाली होती. "तुमी मारत राहा."

आता त्यांनी भात्यावरची फळी सरकवली. कातडं उंदरांनी कुरतडलेलं, मूठ जाईल एवढं भोक. आणि बाजूला एक काळा स्पीकर, जोरात घुमत असलेला.

ते तसेच लंगडत बाहेर आले. जुन्या पट्ट्यांवर इलेक्ट्रिक कीबोर्ड ठेवलेला होता, पुढून कापड सोडलेलं. भर गीतात हा माणूस बाहेर आला, तरी एकानंही चकित होऊन पाहिलं नाही. सगळ्यांनी माना गीतपुस्तकात घातल्या, पाळकसाहेबांनीसुद्धा. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! भगवंतरावांचे कान तापले.

गीत संपल्यावर ते जयमालाजवळ वाकले.

"कधीपासून?"

"तुमी अकोल्याले होते तवापासून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

तिनं कापड उगाच सारखं केलं. "तुमी मांगं बसनंच सोडलं असतं."

"मंग मी काय हलवून राह्यलो होतो जयमाला, पाळणा?"

ते जाऊन शेवटच्या बाकावर बसले. उपदेशातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही. बाकीच्यांचं एक वेळ ठीक, पण हिनं? घरी रोज रात्री हीच त्यांच्या खांद्याला तेल चोळून देत होती.

शेवटच्या गीताला मंडळी उभी राहिली. जयमालानं सवयीनं दोनदा पाय आपटला.

भगवंतरावांचा उजवा हात आपोआप वर गेला. तो त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला. गीत वेळेवर सुरू झालं.