घरच्या घरी अरबी

आप्पांना माती दिली त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर एक आवाजी निरोप आला. नंबर परदेशातला होता. एक म्हातारा माणूस अरबीत बोलत होता, मध्येच थांबून श्वास घेत होता. शेवटी त्याने आप्पांचं नाव घेतलं, "गुरुलिन, गुरुलिन," आणि निरोप संपला.

"इद्रीस असंल," आई म्हणाली.

इद्रीस आमच्या ओळखीचा होता. आखातात आप्पा ज्या कॅम्पात राहायचे तिथल्या फाटकावरचा सुदानी राखणदार. आप्पांच्या फोनला रेंज नसली की ते त्याच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायचे. मागे इद्रीस पांढरं मुंडासं बांधून उभा असायचा आणि हात हलवायचा. "ह्याला अरबीबिगर काय येत न्हाई, मला मराठीबिगर," आप्पा हसून सांगायचे, "म्हणून आमचं कदी भांडण न्हाई."

आमच्यात मयताला बसवून समाधी देतात. आप्पा लांब पेटीत आडवे आले होते. जंगमस्वामींनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि खड्डा लांब करायला सांगितला. आप्पांच्या अंगात कोरा पायजमा होता, घडीच्या रेघांसकट. झोपेत हृदय बंद पडलं, असं तात्याबांनी आम्हाला कळवलं होतं. कोरा पायजमा घालून कोण झोपतं, हा प्रश्न मला तिथेच पडला. विचारला नाही. माणसं माती टाकत होती.

तात्याबांनीच आप्पांना तिकडे पाठवलं होतं. ते पूर्वी ऊसतोडीचे मुकादम. दरवर्षी गाड्या भरून टोळ्या कारखान्यांवर न्यायचे. पुढे त्यांनी आखाताचं काम धरलं, पण रीत ऊसतोडीचीच ठेवली. टोळीतला माणूस हंगामात आजारी पडला किंवा मेला तर त्याच्या घरातून दुसरा जातो. भाऊ, मुलगा, कधी भावजय. त्याला बदली म्हणतात. बीडच्या बाजूला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमचं घर ऊसतोडीचं नव्हे. रस्तारुंदीत जाईपर्यंत आप्पांचं बसस्टँडमागे मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तरीही तात्याबा भेटायला आले तेव्हा त्यांनी हाच शब्द वापरला, आणि घरात कुणालाही तो खटकला नाही.

"वैनी, गुरुलिंगआप्पानी दोन वर्साचा शब्द दिलता. चार मान्सांत दिलता."

"व्हय," आई म्हणाली.

"कंपनी म्हणती खाट रिकामी हाय. योगीराजला धाडा. बापाचीच जागा, बापाचंच काम. पंप बघायचे."

आईने माझ्या भावाकडे पाहिलं. योगीराजने आयटीआय केलं होतं आणि दुसऱ्याच्या दुकानात मोटरी भरत होता. तो म्हणाला, "जातो."

"शब्द आर्दा टाकणारे न्हवते ते," आई म्हणाली आणि आत गेली.

व्हिसा यायला काही महिने लागणार होते. इद्रीस काय म्हणाला हे मला त्याच्या आत कळायला हवं होतं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कळत नाही ते शोधून काढायची मला सवय आहे. आधी सोपे मार्ग करून पाहिले. फोनमधल्या भाषांतराने लग्नपत्रिकेत शोभतील अशी वाक्यं दिली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मौलानांनी निरोप दोनदा ऐकला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "बेटी, मी कुराण पढतो. ही बोली अलग हाय. रहमत म्हणला, सब्र म्हणला, तेवढं समजलं."

मग मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर भेटला. तो तिकडे बरीच वर्षं सुदानी लोकांबरोबर राहून आला होता. त्याने फोन कानाला लावून सगळं ऐकलं. चेहरा हलला नाही.

"दुवा मागायलाय. भला मानूस हाय," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. ट्रकपर्यंत गेला, परत आला. "ताई, हे फोनमधून पुसून टाका."

"का?"

"कावून म्हणून इचारू नका."

दुसऱ्या दिवशी तात्याबा घरी आले. चहा घेतला, साखर बेताची पडली म्हणून आईचं कौतुक केलं.

"काय शिवांजली, आरबी गाणं ऐकवत फिरायलीस म्हणं?"

"गाणं नाही, तात्या. सांत्वनाचा निरोप आहे."

"मंग घरात ऐकावा की. त्या म्हाताऱ्याच्या पोटावर कशाला पाय देतीस? फाटकावल्या मान्साला फोनवर बोलायची परवानगी नसती तिथं." ते हसले. त्यांचं हसणं नेहमी छान असतं.

त्यानंतर तो निरोप मी कुणालाही ऐकवला नाही. मग एकच वाट उरली.

अरबी स्वतःहून शिकता येते का, असं मला आता लोक विचारतात. येते. मी कशी शिकले ते सांगते. चुकाही सांगते.

पहिले दोन महिने मी वाया घालवले. इंटरनेटवर फुकट मिळणारे धडे घेतले, अक्षरं गिरवली, बातम्या ऐकल्या. अक्षरांचा उपयोग झाला. शब्दकोशात शब्दाची तीन मूळ अक्षरं शोधावी लागतात, ती ओळखता आली नाहीत तर कोश बंदच राहतो. पण बातम्यांतली अरबी ही पुस्तकातली अरबी. स्वयंपाकघरात, फाटकावर ती कुणी बोलत नाही. इतकं शिकून पुन्हा इद्रीसचा निरोप लावला तर तो पहिल्याइतकाच बंद होता.

मग मी सुदानी बायकांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहू लागले. कांदा परतताना त्या शेजारणीच्या तक्रारी सांगतात, सुनेला टोमणे मारतात. हातात काय आहे ते दिसतं, म्हणून शब्द कळतो. वेग कमी करून ऐकायचं, थांबवायचं, त्यांच्यामागून मोठ्याने म्हणायचं. आई म्हणायची, "कुणाशी भांडायलीस?"

निरोपाचे मी लहान तुकडे केले. एक तुकडा दिवसभर ऐकायचा, पुस्तकं कपाटात लावताना, भाकरी करताना. कानाला येईल ते देवनागरीत लिहायचं. कोश नंतर. आधी कोश उघडला की कान कोशातलंच ऐकू लागतो. आणि आपल्याकडे निजामाच्या काळापासून रुळलेले शब्द मदतीला येतात. खबर, हक्क, वारस, हजर. इद्रीसच्या बोलण्यातला मला पहिल्यांदा कळलेला शब्द होता मयत.

दिवाळी झाली. योगीराज मुंबईला जाऊन मेडिकल करून आला. त्याने नवी बॅग आणली आणि आप्पांच्या फोटोखाली ठेवली. माझ्याकडे तुकडे जमत होते. दोरी. टाकी. चादर. 'मी ओढलं.' हे शब्द एकमेकांच्या जवळ यावेत असं मला वाटत नव्हतं. मी कोशातले दुसरे अर्थ शोधत बसायचे. ते सापडायचे नाहीत.

व्हिसा आला त्या आठवड्यात पूर्ण निरोप माझ्यासमोर होता. दोन जागा सोडून.

रविवारी सकाळी तात्याबा तिकीट घेऊन आले. योगीराजचा पासपोर्ट त्यांच्यासमोर चटईवर होता. मी म्हटलं, "तात्या, थांबा. इद्रीस काय म्हणतो ते मला कळलंय."

आई दाराशी उभी राहिली.

मी सांगितलं. मैल्याच्या टाकीतला पंप अडकला. साहेबाने आप्पांना खाली उतरायला लावलं. तोंडाला काही बांधायला दिलं नाही. इद्रीसने दोरी धरली होती. दोरी जड झाली तेव्हा त्याने ओढलं, एकट्याने. मग साहेबाच्या माणसांनी आप्पांना धुतलं, नवे कपडे घातले, खाटेवर ठेवलं आणि तेव्हा डॉक्टरला बोलावलं. त्याआधी त्याच टाकीत एक नेपाळी मेला होता. खाटेवर नवी चादर घातली आहे. मुलगा येणार म्हणतात. त्याला पाठवू नका.

तात्याबांनी तंबाखू मळायला घेतली.

"मास्तर कोण हाय तुजा?"

"कुणी नाही."

"परीक्षा-बिरीक्षा दिली?"

"नाही."

"म्हंजी फोनवर कांदे परतलेले बघून आरबी आली." ते आईकडे वळले. "वैनी, माजी मानसं धा-धा वर्सं तिथं राहून आल्यात, त्यान्ला सुदान्याचं बोलणं समजंना. दुःखात मानूस कायबी ऐकतं. मी न्हाई तिला दोष देत."

"ताई," योगीराज म्हणाला, "शंभर टक्के कळलंय का तुला?"

मला हो म्हणता आलं असतं.

"शंभर नाही. दोन जागा सुटल्यात."

तात्याबांनी हात पसरले. आईने खाली पाहिलं. योगीराज नव्या बॅगेकडे पाहत होता. मग म्हणाला, "मंग त्यालाच इचार की. आत्ता. तात्यांसमोर."

इद्रीसच्या त्याच नंबरवर आवाजी निरोप धाडायला मी फोन तोंडाजवळ धरला. स्वयंपाकघरात कैक वेळा बोललेली भाषा आता पहिल्यांदा माणसाशी बोलले. काका, मी गुरुलिंगची मुलगी. तुमचं बोलणं मला कळलं. माझा भाऊ यायला निघालाय. येऊ का नको, ते एकदा सांगा.

तात्याबा थुंकायला अंगणात गेले. तिथे ते फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात हिंदीत बोलले. परत येऊन बसले, भिंतीला टेकून. कुणालाही घाई नव्हती.

उत्तर आलं तेव्हा मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं लावलं. या वेळी मला निरोप एकदाही मागे न्यावा लागला नाही. वाक्यं लहान, उच्चार स्वच्छ, बातम्यांमधल्यासारखे. एकेक करून मी सांगत गेले. बहिणी, तुझं स्वागत. तुझे वडील आम्हाला फार प्रिय होते. भावाला खुशाल पाठव. खाट तयार आहे. त्याचं नाव काय, तो कोणत्या दिवशी पोचतो, आणि तुमचं घर कोणत्या गावात, ते मला सांग. मी स्वतः फाटकावर उभा राहीन.

"बघा," तात्याबा म्हणाले. "स्वागत करायलेत. आन् ही टाकी टाकी करायली."

"परत लाव," योगीराज म्हणाला.

लावलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"ह्यो इद्रीस न्हाई."

"सर्दी झाली आसंल. आवाज बसला आसंल म्हाताऱ्याचा."

"तात्या, बसलेला आवाज तरणा होत न्हाई." योगीराज उठून उभा राहिला. "इद्रीस कुठं हाय?"

"मला काय म्हाईत? मी हितं बसलोय."

"त्याचा फोन ह्याच्याकडं कसा?"

आई पुढे आली, वाकली, चटईवरचा पासपोर्ट उचलून तिने कमरेला खोचला. आप्पा गेल्यापासून तिचा आवाज मी इतका सरळ ऐकला नव्हता.

"ह्या घरातून बदली मिळणार न्हाई, भावजी."

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. तिकिटाची घडी घातली, खिशात ठेवली, टोपी नीट केली.

"मर्जी तुमची. जागा काय रिकामी राहत न्हाई, वैनी."

ते खरं बोलले होते. ग्रंथालयात येणाऱ्या चकलांब्याच्या एका मुलीकडून मला कळलं, तिच्या शेजारचा हनुमान आखातात चाललाय, पंपाच्या कामावर, लई नशीब काढलं. मी त्याच दिवशी एसटीने चकलांब्याला गेले. उशीर झाला होता. दारात गुलाल पडला होता. हनुमानची आई, सत्यभामाबाई, आलेल्या-गेलेल्यांना पेढे देत होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

"तात्याबा म्हणलते, तुमी येताल म्हणून," त्या म्हणाल्या. "घरात दुःख झाल्यावर तसं वाटतं, बाई. माजा मालक गेला तवा मलाबी समद्या विहिरीची भीती वाटायची."

मी इद्रीसचा निरोप लावला. एक म्हातारा माणूस अनोळखी भाषेत बोलत होता. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन देवाचं काही ऐकावं तसं ऐकलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हनुमान मुंबईच्या विमानतळावरून बोलत होता. पडद्यावर त्याचा चेहरा मावत नव्हता, मागे काचा आणि दिवे. सत्यभामाबाईंनी फोन माझ्याकडे फिरवला.

"आरं, ह्या बीडच्या ताई. ह्यान्ला आरबी येती. दोन-चार शब्द शिकवा की ओ ह्याला, तिथं कामाला येतील."

"जाऊ नकोस, हनुमान," मी म्हटलं.

"आता कुठं, ताई! आत आलो की मी." तो हसला. "शिकवा ना. नमस्कार कसं म्हणायचं?"

त्याच्या विमानाची घोषणा होत होती. मराठीत, मग हिंदीत.

"नमस्कार नंतर," मी म्हटलं. "आधी मी म्हणते तसं म्हण. अना मा अंझिल."

"म्हंजी काय?"

"मी खाली उतरणार नाही."

"कुठं खाली?"

"टाकीत. कुणीही सांगितलं तरी. साहेबाने सांगितलं तरी."

"पैल्याच दिशी साहेबाला न्हाई म्हणू व्हय?" तो मोठ्याने हसला, आणि सत्यभामाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्याने मान हलवत, गाण्याच्या चालीवर म्हणून दाखवलं, "अन्ना मा अंजील, अन्ना मा अंजील."

"हसू नकोस," मी म्हटलं. "परत म्हण."