निवडुंगाची सरासरी

बद्रीनाथनं निवडुंगाच्या चपट्या फड्यावर गरम गोंदाचा ठिपका टाकला, त्यावर गुलाबी कापडी कमळ दाबून धरलं आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. तो कॉलेजचा हेडक्लार्क होता आणि हे त्याचं चौदावं फूल होतं. या निवडुंगाला पिवळी फुलं येतात हे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या करुणानं त्याला दोनदा सांगून झालं होतं. गुलमंडीच्या बाजारात पिवळी संपली होती, असं त्याचं म्हणणं. आणि कमिटीतले लोक काय निवडुंगात जन्मलेत का, असंही.

करुणा पत्र्याच्या शेडखाली रजिस्टर छातीशी धरून उभी होती. शेजारी माळी सांडूमामा पाइपाची गुंडाळी करत होते. ती गुंडाळी त्यांनी सकाळपासून तीनदा केली होती.

पडेगावच्या माळावर कॉलेजची ही अर्ध्या एकराची वाळवंटी बाग. करुणा शिकवायची शहरात. बागेत यायची ती फक्त सोमवारी. दरवर्षी या निवडुंगाचं पहिलं फूल कधी उमललं ते रजिस्टरमध्ये लिहायची. २०१७ साली २७ मार्च. गेल्या साली २४ फेब्रुवारी. हवा तापत चालली तसतसं फूल अलीकडे सरकत चाललं, या एवढ्याशा वाक्यावर तिचा दोनशे चाळीस पानांचा प्रबंध उभा होता. पुढच्या महिन्यात तो विद्यापीठात जाणार होता.

यंदा थंडी पडते न पडते तोच ऊन तापलं आणि पहिलं फूल १६ फेब्रुवारीलाच आलं. आता १२ मार्च उजाडला होता, बहर केव्हाच आटोपला होता, झाडावर नुसती बोंडं होती. आणि प्राचार्य नानासाहेबांनी १२ मार्चला, म्हणजे आज अकरा वाजता, 'प्रथम पुष्पदर्शन सोहळा' ठेवला होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. कॉलेज तपासायला आलेली कमिटी नारळ फोडणार होती.

नानासाहेब झाडाभोवती एक फेरी मारून शेडखाली आले. त्यांचा विषय राज्यशास्त्र. बागेतल्या एकूणएक झाडाला ते कोरफड म्हणत.

"सरासरी तुमचीच आहे, मॅडम," ते म्हणाले. "नऊ वर्षांची. मी काय पंचांग बघून तारीख काढली नाही. कोरफडीनं घोळ घातला, त्याला संस्था काय करणार?"

त्यांचं मागणं साधं होतं. यंदाची १६ फेब्रुवारी खोडायची, तिथं १२ मार्च लिहायचं, खाली सही करायची. कमिटी रजिस्टर बघणारच. तारीख जुळली नाही तर बागेच्या जागी पार्किंग होईल आणि करुणाच्या कंत्राटाचंही बघावं लागेल, हे त्यांनी बोंडांकडे बघत सांगितलं.

करुणाच्या मनात आलं, मोसम कळत नाही, झाड कळत नाही, आणि या माणसाच्या सहीनं बी.एस्सी.ची प्रमाणपत्रं निघतात. बद्रीनाथ निदान गोंद तरी नीट लावत होता.

"मी खोटं लिहिणार नाही, सर," ती म्हणाली. "या रजिस्टरमध्ये आजवर एक खोटी तारीख नाही. सांडूमामांना विचारा."

सांडूमामांनी गुंडाळी उलगडली.

तेवढ्यात कमिटीच्या गाड्या नाक्यावर आल्याचा फोन आला. पाच मिनिटांत खाडाखोड उरका, असं बजावून नानासाहेब हार घेऊन फाटकाकडे धावले. बद्रीनाथ त्यांच्यामागे गेला.

"मॅडम," सांडूमामा हळूच म्हणाले, "साहेबाच्या म्होरं बोललो नाय. पर माझं नाव मधी घालू नका."

"का?"

"रजिस्टर सुरू व्हायच्या आदल्या साली फूल आल्तं शुक्रवारी. तुमी सोमवारी आल्या तवर सुकून गेल्तं. त्या दिवशी तुमी डबा उघडला नाय. कठड्यावर बसून रडल्या. मला लई वंगाळ वाटलं."

"मग?"

"मग म्या काय केलं, मधल्या वारी उमललेली फुलं खुडून टाकत गेलो. सोमवारी उमलंल ते तुमचं."

फूल मधल्या वारी आलं तर फोन करा, असं सांगून करुणानं तेव्हाच त्यांना नंबर दिला होता. फोन कधीच वाजला नाही. झाड बिचारं आपली वाट बघतं, असं ती कौतुकानं मैत्रिणींना सांगायची.

तिनं मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं आणि रजिस्टरमधल्या दहाच्या दहा तारखा लावून पाहिल्या. दहाही सोमवार निघाले. दहा वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या गाईडच्या आलं नव्हतं, आणि ज्या परिषदेत तिला बक्षीस मिळालं तिथल्या तिघा परीक्षकांच्याही नाही. नानासाहेबांना एका खोट्या तारखेसाठी गोंद, कारकून आणि चौदा कमळं लागली होती. तिचं काम नुसत्या मायेत भागलं होतं.

फाटकाशी हॉर्न वाजला. करुणा खाली मातीतच मांडी घालून बसली.

"यंदाचं खरं कधी आलं होतं, मामा?"

"बुधवारी. मालनबाईच्या भाच्याचा साखरपुडा व्हता, त्या दिशी."

"आणि गेल्या साली?"

सांडूमामांनी डोळे मिटले. "कडुबाची म्हैस याली, त्याच्या दुसऱ्या दिशी. व्हय. तवा गुरुवार व्हता."

करुणानं २४ फेब्रुवारीवर आडवी रेघ मारली आणि समोर पेन्सिलीनं लिहिलं, कडुबाची म्हैस. तारीख कडुबाला विचारावी लागणार होती. कडुबाला आठवत नसली तर दूध डेअरीत. १६ फेब्रुवारीवर तिनं त्याआधीच रेघ मारली होती.

"अन् त्याच्या आदल्या साली," सांडूमामा आपणहून म्हणाले, "थांबा, सांगतो."

फाटकाकडून टाळ्यांचा आवाज आला. मागोमाग नानासाहेबांची हाक.

"मॅडम, खोडलं का?"

"खोडतेय, सर," करुणा मान वर न करता म्हणाली. "अजून आठ राहिल्यात."