दहा उंबरे

द्रौपदाबाई चौथी नापास, पण ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आलेली बाई. जर्मनीत एर्लांगेनला लेकाकडं आली आणि तिसऱ्या मजल्यावर अडकली. गुडघे एका दमात जिना चढू देईनात. म्हणून तिनं मधल्या वळणावर खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर चिठ्ठी: जिन्यात सामान ठेवायला मनाई.

"बाबासाहेबांनी मत दिलंय ते कशाला? मतदान घ्या म्हणावं!" ती लेकाला, जीवनला, म्हणाली. "बारा घरं. त्यातल्या सातांनी माझी धपाटी मिटक्या मारत खाल्लीत. मतं जातील कुठं?"

जीवननं शेजाऱ्यांना मतदानासाठी बोलावलं. खुर्ची गेली तर आई घरात कोंडली जाणार, आणि कोंडून राहण्यापेक्षा ती परतीचं विमान धरणार, हे तो ओळखून होता.

शनिवारी सगळे अंगणात जमले. हात वर होणार तेवढ्यात तळमजल्यावरची रेहेमा उठली. टांझानियाची, इथं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. "आज मत नको. अजून बोलणं झालेलं नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"ही कोण थांबवणारी?" द्रौपदाबाई फणकारली.

"आई, हळू. त्यांच्या देशात त्यांच्या तरुणपणी एकच पक्ष होता, समाजवादी. दर दहा घरांमागं पक्षाचा एक माणूस. ते काम ह्यांनी आठ वर्षं केलंय."

"एकच पक्ष? मग निवडणूक कुणाची कुणाशी?"

"उमेदवार दोन, पक्ष तोच. एकाला चिन्ह कुदळ, दुसऱ्याला घर."

"म्हणजे नवरदेवही त्यांचा आणि नवरीही त्यांचीच!"

रेहेमा जवळ आली. तिचं बोलणं जीवननं हळूच सांगितलं. "काल मी सगळ्यांना विचारलं. तुमची मतं दोन. एक तुमच्या घरचं, एक माझं."

"आणि धपाटी?"

"धपाटी सगळ्यांना आवडली."

द्रौपदाबाईनं मतदानाचा हट्ट सोडला.

पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी रेहेमा तिला आणि जीवनला घेऊन एकेका घरी जाऊन बसली. कुणाला आगीची धास्ती, कुणाची बाबागाडी अडत होती. खुर्चीशी वैर कुणाचंच नव्हतं. वाट मोकळी हवी होती. दहाव्या घरापर्यंत तोड निघाली: भिंतीला लावायची बैठक, उठलं की आपोआप मिटणारी. घरमालकाच्या ऑफिसानंही हो म्हटलं. हात वर करायची वेळच आली नाही.

बैठक लागली त्या दिवशी द्रौपदाबाई रेहेमाच्या दारात गेली. जीवन मागं होताच.

"तुमचे वरचे पुढारीही असं दारोदार विचारायचे का गं?"

रेहेमानं मान हलवली. "नाही. एकदा हुकूम आला, घरं सोडा, नव्या गावात राहायला चला. तो माझ्या दहा घरांना मीच वाचून दाखवला. त्यांना कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

द्रौपदाबाईनं तिचा हात हातात घेतला. "जाब विचारणारं दुसरं कुणी नसलं की असंच होतं, बाई. तुझा पक्ष मला जन्मात पटायचा नाही. पण माझ्यापायी तू दहा उंबरे झिजवलेस, ते मी मरेस्तोवर विसरायची नाही."

मग तिनं जीवनला पुढं पिटाळलं आणि जिना धरला. वळणावर बैठक उघडून टेकली, दम घेतला.

"आई, खाली येऊ का?" वरून जीवननं विचारलं.

"तिथंच थांब. माझी मी येते."