डोक्याकडची बाजू

"सफरचंदं कशाला आणलीस? मी काय दवाखान्यात आहे?" दार उघडत उस्ताद म्हणाला.

"रिकाम्या हाताने कसं यायचं?" काडी दारातच घुटमळला.

"ये आत. आज सुट्टी दिसतेय."

"नाही रे." काडीने चपला काढायला नको इतका वेळ घेतला. "ड्यूटीवरच आहे."

उस्तादला काय समजायचं ते समजलं. अग्निशमन दलात काडी त्याचा कित्येक वर्षांचा जोडीदार. अंगाने इतका किरकोळ, की भरतीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी कपाळाला हात लावला होता : आग विझवायच्या खात्यात ही काडी कोणी पाठवली? तेव्हापासून तेच नाव चिकटलं, ते इतकं की पगार घेतानाही तो त्याच नावाला ओ देई. आगीत शिरायला कधी न कचरलेला हा माणूस आज खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला होता.

"तक्रार आलीय तुझी," तो शेवटी म्हणाला आणि फोन पुढे केला.

समोरच्या इमारतीतून कोणीतरी काढलेला फोटो होता. गॅलरीत उस्ताद, आणि त्याच्या दोन्ही हातांवर त्याची आई.

"खाली लिहिलंय, हा माणूस भरपगारी रजा खातो आणि घरी वजनं उचलतो."

"वजनं!" उस्ताद हसला. हसताना कमरेत कळ आली, म्हणून हसणं अर्ध्यावरच सोडलं. "आईला सांग, तिला बरं वाटेल."

थट्टा केली खरी, पण त्याला ते फार लागलं. चार महिन्यांपूर्वी धुराने भरलेल्या एका जिन्यावरून दोघं एका जाडजूड माणसाला खाली आणत होते. कठडा निखळला. उस्तादचा तोल गेला, पण हातातला माणूस त्याने सोडला नाही. माणूस वाचला, उस्तादची कंबर गेली. कामावर जखमी झाला म्हणून डॉक्टर 'बरा' म्हणेपर्यंत पूर्ण पगाराची रजा मिळाली होती, आणि भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही अशी ताकीद. आता तो वजन उचलू शकतो असं ठरलं, तर रजा त्याच दिवशी बंद. शिवाय कपाळावर कामचोराचा शिक्का. आयुष्यभर परक्यांना उचललं तेव्हा शाबासकी मिळाली आणि आईला उचललं तर चोर ठरलो, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.

"साहेब म्हणाले, तू घरचा आहेस, तूच जाऊन बघून ये. उठतो कसा, वाकतो कसा. दुसरा कोणी आला तर आधीच ठरवून येईल."

"मग बघ ना. वाकून दाखवू, की नाचून?"

"माझ्यावर कशाला डाफरतोस? मी काय हौसेने आलोय?"

तेवढ्यात आतून हाक आली. "ऊन आलं का रे?"

आईची एक बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली होती. सगळा दिवस अंथरुणात. सकाळी तासभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून रस्त्यावरची माणसं बघायची, एवढंच तिला उरलं होतं. सून कामाला गेल्यावर मगच गॅलरीत ऊन यायचं. ते काही सुनेच्या वेळा बघून येत नव्हतं. मग उरला मुलगा.

"थांब, दोघं उचलू," काडी उठला. "मावशी, नमस्कार. ओळखलंत का?"

"तुला कोण विसरेल? अजून तसाच वाळलेला आहेस."

दोघं आपापल्या जागी उभे राहिले, न बोलता. माणूस उचलायचा तर उस्ताद डोक्याकडे आणि काडी पायांकडे, हे इतकी वर्षं ठरलेलं. डोक्याकडे भार जास्त, आणि हुकूमही तिकडूनच सुटायचा.

"एक, दोन, उचल."

आई अलगद वर आली. सवयीची पावलं, सवयीचा वेग. घटकाभर उस्तादला फार बरं वाटलं. गॅलरीच्या उंबऱ्यावर त्याने डावा पाय टाकला आणि तो पाय त्याचा नव्हताच. आई एका बाजूने एकदम खाली गेली. काडीने पाय सोडून झेप घेतली, गुडघा तिच्या पाठीखाली घातला आणि कसंबसं तिला खुर्चीत बसवलं.

उस्ताद चौकट धरून उभा होता. घामाने डबडबलेला.

"परवाही असंच झालं," आई शांतपणे म्हणाली. "दोघंही खाली. भिंतीला टेकून बसलो किती वेळ. याला उठता येईना आणि मला तर येतच नाही. सुनेला सांगायचं नाही म्हणाला."

काडीने त्याला दंडाला धरून पुढच्या खोलीत आणलं.

"पायात मुंग्या येतात?"

"येतात."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासूनच."

"डॉक्टरला बोललास?"

उस्ताद खुर्चीत टेकला आणि पाय चोळू लागला.

"अरे, बोललास का?"

"बोललो की ते लिहिणार. एकदा लिहिलं की पुन्हा बंबाच्या गाडीवर घेत नाहीत." तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, तीनचार महिन्यांत जाईल. दाबून न्यायचं."

काडी त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे लोक म्हणतात ते खरंच. खोटं बोलतोयस तू. फक्त उलट्या बाजूने."

यावर दोघांनाही हसू यायला हवं होतं. उस्तादने एक सफरचंद उचललं, बघितलं आणि परत ठेवलं. गाडीवर नाही म्हणजे कंट्रोल रूममध्ये खुर्ची. फोन घ्यायचे, पत्ते सांगायचे आणि गाडी फाटकातून बाहेर पडली की ऐकत बसायचं. त्याला रडू आलं नाही. त्याला नुसती झोप आली, चार महिन्यांची तुंबलेली.

"मी साहेबांना काय सांगू?" काडीने विचारलं. "तू म्हणशील ते सांगतो."

"तुला खोटं जमत नाही. तोंडघशी पडशील, मलाही पाडशील." उस्तादने मान चोळली. "जे बघितलंस ते सांग. पायाचंही सांग."

बाहेर ऊन कठड्यावरून सरकलं होतं. आईला आत न्यायची वेळ झाली. दोघं गॅलरीत आले. काडी क्षणभर थबकला आणि मग खुर्चीला वळसा घालून डोक्याकडे जाऊन उभा राहिला. उस्तादने त्याच्याकडे बघितलं नाही. तो पायांकडे गेला, वाकला आणि हुकमाची वाट बघू लागला.

"एक, दोन, उचल."

काडीचा आवाज चिरका होता, पण भार त्याने नीट पेलला. आई अंथरुणावर टेकली. उस्तादने तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. तिने चांगल्या हाताने काडीची बाही धरली आणि मुलाकडे न बघता विचारलं, "उद्या येशील का रे?"

काडीने जोडीदाराकडे बघितलं.

"येईल," उस्ताद पांघरुणाची घडी सारखी करत म्हणाला. मग काडीला म्हणाला, "दहाच्या आत ये. नंतर ऊन राहत नाही."